आईने तपासलेला बांध

श्रीलंकेला मी पाच वेळा गेले. कँडीचं तळं, नुवारा एलियाचे चहाचे मळे, गॉलची तटबंदी, कितीही पाहिलं तरी माझं मन भरत नाही. पाचव्या वेळी आईला नेलं. ती पारनेरच्या जिरायत गावातली, शाळेची पायरी न चढलेली. आमच्या घरात कॉलेज पहिल्यांदा मी केलं, तेही तिच्या कष्टावर. माझा आवडता देश तिलाही आवडावा, एवढंच मनात होतं.

चहाचे मळे बघून ती म्हणाली, "बाया पानं तोडत्यात, त्यात काय बघायचं?" समुद्राला म्हणाली, "एवढं पानी, अन् प्यायला थेंब न्हाई." मी हिरमुसले.

शेवटी अनुराधापूरला गेलो. तिथले तलाव जुन्या राजांनी बांधलेले, पण त्यांच्या पाण्यावर आजही भात पिकतो. एका बांधावर आईने चप्पल काढली आणि पाण्याकडच्या उतारावरचे दगड पायाने दाबून बघत निघाली. दुष्काळात गावच्या पाझर तलावावर तिने असेच दगड बसवले होते. इथला एकही हलला नाही.

"हातानं बांधलाय का गं ह्यो?"

"व्हय, हातानंच." माझ्याही तोंडात गावची बोली आली.

"मंग लई कामाची मानसं हायती हितली," म्हणत ती दगडावर टेकली. "उद्याचं ते देऊळबिऊळ ऱ्हाऊ दे. मला हितंच आन."

दुसऱ्या दिवशी आम्ही डबा घेऊन पुन्हा त्याच बांधावर गेलो.