हातांची हजेरी

आईवडिलांनंतर मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा असेन, तर तो सोलापुरातल्या आमच्या अग्निशमन केंद्रातल्या तुकडीप्रमुख अण्णांचा. अण्णा कोणाच्याही हातात हात देत नसत. दसऱ्याला सोनंसुद्धा समोरच्या कठड्यावर ठेवत आणि नमस्कार करत. पण रोज सकाळी हजेरी झाली की आम्हाला रांगेत उभं करून हात पुढे करायला लावत. "कै तोर्सु," ते कानडीत म्हणत, म्हणजे हात दाखव. मग स्वतःचे हात पाठीमागे बांधून, वाकून, एकेकाची बोटं न्याहाळत. कुठे कापलंय, कुठे सोललंय, कोणी नखं कुरतडलीत. जखम दिसली की तिच्यावर पट्टी लागलीच पाहिजे. आणि अपघाताचा कॉल आला की आधी पातळ रबरी हातमोजे, त्यांवर जाड चामड्याचे. हे झाल्याशिवाय अण्णा कोणाला गाडीत चढू देत नसत.

आमच्यातला श्रीनिवास विणकरांच्या घरातला, तोंडाने फटकळ. तो तळवा पुढे करून म्हणायचा, "अण्णा, लग्नाचा योग हाय का बगा की."

"हाय," अण्णा गंभीरपणे सांगत. "पन त्या अंगठ्याला आदी पट्टी लाव. न्हायतर बायकू यायच्या आदी कावीळ यील."

सगळे हसायचे. अण्णा हसत नसत.

मी वेळापूरजवळच्या वस्तीवरचा. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, म्हणून अण्णांनी माझं नाव बीए ठेवलं. भरती झालो त्याच आठवड्यात ते मला लस टोचायला घेऊन गेले. रक्तातून होणारी कावीळ, ती 'ब' प्रकारची, तिची लस. मी दंडाला फुंकर घालत बाहेर आलो तर म्हणाले, "आगीत शिरायला अर्ज केलास आन् सुईला भितूस व्हय रे बीए?" पुढच्या दोन्ही डोसांच्या वेळीही ते दवाखान्याच्या दारात उभे होते. टाळाटाळ करणाऱ्याला ते घरून उठवून आणत. तुम्ही स्वतः कधी घेतली, असं मी एकदा विचारलं. "माजं ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले.

रक्त लागलेला गणवेश घरी न्यायला त्यांची सक्त मनाई होती. केंद्राच्या मागे नळापाशी एक वेगळी बादली होती. तिच्यात जंतुनाशक घालून कपडे तिथेच भिजवायचे. माझं लग्न झालं तेव्हा त्यांनी दिलेला उपदेश एवढाच होता: "पोरगी सकाळी तुजा शर्ट चोळनार. तिला कसं कळावं की ते कुनाचं रगात हाय?"

त्यांचा चहाचा कप खिडकीत वेगळा असे. तो दुसऱ्या कोणी घेतला तर ते चिडत. आम्ही त्याला सोवळं म्हणून हसायचो. पुढे त्यांचे दंड बारीक होत गेले आणि पोट मात्र वाढू लागलं. कमरेचा पट्टा आधी एका भोकाने सैल करावा लागला, मग दुसऱ्या. डोळे पिवळट दिसत. धुरात उभं आयुष्य गेलेल्या माणसाचे डोळे असेच होत असतील, असं मला वाटायचं.

तो अपघात भर दुपारी झाला. विजापूर रस्त्यावर टेम्पो उसाच्या ट्रॉलीत घुसला होता. ड्रायव्हर पत्र्यात अडकलेला, शुद्धीवर होता. त्याचा भाऊ माझ्या अंगावर धावून आला. "मोजे घालून काय धरतूस? मानूस हाय त्यो, मेलेलं कुत्रं न्हाय!" खरं सांगतो, माझा हात मोजा काढायला गेला. त्या माणसाच्या डोळ्यांत बघून कोणाचाही गेला असता.

"बीए! बेडा!" अण्णा मागून ओरडले. नको.

मी मोजे काढले नाहीत. ड्रायव्हरला काखेतून धरून ओढलं, तेव्हा पत्र्याची धार दोन्ही मोजे चिरून माझ्या बोटात शिरली. तो रुग्णवाहिकेत गेल्यावर मी मोजे उतरवले. बोटातून रक्त येत होतं. लहानपणी शेतात विळा लागला की आम्ही करायचो तेच आपसूक झालं. बोट तोंडाकडे निघालं.

माझं मनगट कोणीतरी पकडलं. मोजे घातलेले अण्णांचे हात होते ते. त्यांनी मला कधी धरल्याचं तेवढंच आठवतं. माझं बोट टँकरच्या पाण्याखाली धरून साबणाने धुवायला लावलं आणि तसंच दवाखान्यात नेलं. माझी बायको तेव्हा पोटुशी होती. वाटेत मला दुसरं काही सुचत नव्हतं.

डॉक्टरांनी माझं रक्त घेतलं, ड्रायव्हरचंही घेतलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. अण्णा मधे एका माणसाची जागा सोडून बसले होते.

"मी काडले हुते," ते एकदम म्हणाले.

"काय?"

"मोजे. तुज्यासारकाच हुतो. एका म्हातारीचा ल्योक गाडीखाली घावला हुता. ती म्हनली, माज्या लेकराला मोजं घालून शिवू नगंस. काडले. अंगठा पायपाच्या कपलिंगनं फुटलेला हुता माजा. पुडं रक्तदानाला गेलो. त्यांनी बाजूला बोलावून सांगितलं, रगतात कावीळ हाय म्हनून."

घरात ताट, कप, टॉवेल त्यांनी स्वतःच वेगळे केले होते. शिवण्याने किंवा ताटाने हे पसरत नाही, असं रक्तपेढीतल्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगूनही. नातवंडाला त्यांनी एकदाही उचललं नव्हतं.

"औषधं घेता ना?" मी विचारलं.

"त्यानंतर पुना तपासायलाच गेलो न्हाय की. लोकांचे हात बगत ऱ्हायलो."

अहवाल आले. ड्रायव्हरला तीच कावीळ होती, ब. आणखी काही नव्हतं. डॉक्टरांनी माझं रक्त पाहून सांगितलं की लसीचा असर पुरेसा आहे, आता दुसरं काही करायची गरज नाही, फक्त नंतर पुन्हा एकदा तपासू. मी अण्णांकडे वळलो. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

मी खूप मागे लागलो तेव्हा ते तपासून घ्यायला गेले. पण यकृत फार पुढे गेलं होतं. त्याच वर्षी निवृत्त होऊन ते अक्कलकोटकडे गावी गेले. निरोपाच्या वेळी श्रीनिवासने हात पुढे केला. अण्णांनी तो वाकून पाहिला, "बरा हाय," म्हणाले आणि हात जोडले.

त्यानंतर मी त्यांना एक पत्र पाठवलं. त्यांच्या मुलाने ते दोनदा वाचून दाखवलं, असं नंतर कळलं. अण्णा आमच्या बाळाच्या बारशाला येऊ शकले नाहीत. त्याच महिन्यात ते गेले. पत्राची प्रत माझ्याकडे आहे, ती इथे देतो.

*

तीर्थरूप अण्णांना शिरसाष्टांग नमस्कार.

माझी दुसरी तपासणी झाली. रक्तात काही नाही. आम्हाला मुलगी झाली. बाळंतीण आणि बाळ सुखरूप आहेत. तुमची लस तिला जन्मल्या दिवशीच टोचली. ती माझ्यापेक्षा कमी रडली.

सकाळची हातांची हजेरी आता मी घेतो. श्रीनिवासने नखं खाणं सोडलेलं नाही. त्याला तुमच्यासारखं दटावायला मला अजून जमत नाही.

रविवारी बारसं आहे. गाडी घेऊन मी स्वतः येतो. मी डॉक्टरांना पुन्हा विचारलं, माझ्या बायकोनेही विचारलं. बाळाला घेतल्याने काही होत नाही. तिचं म्हणणं आहे की नाव ठेवायच्या आधी बाळ पहिल्यांदा तुमच्या मांडीवर द्यायचं. तुम्ही नाही म्हणाल, म्हणून हे आधीच लिहितो. दारात आम्ही दोघं उभे राहू. तुम्ही हात दाखवा, आम्ही ते नीट बघू आणि मगच तिला तुमच्याकडे देऊ.

येताना मोजे आणू नका.

तुमचा,
बीए