पालथ्या तांब्यावरची वाटी

स्पेनातल्या त्या समुद्रकाठच्या गावात बघायला काय कमी होतं? तारेवरून डोंगरावर चढणारा पाळणा होता, रंगीत पोपट होते, चेंडू झेलणारे जलसिंह होते. पाण्याच्या घसरगुंड्या तर अशा उंच, की वर चढलेला माणूस खाली येईस्तोवर आपलं पान लावून, चघळून व्हावं. किनाऱ्याच्या कडेनं खेळण्यातल्यासारखी आगगाडी फिरायची अन् तिच्यात चांगले थोराड बाप्येसुद्धा गुडघे पोटाशी घेऊन बसायचे. दगडोबानं यातलं सगळं पाहिलं, पण बाहेरून. जिथं माथ्यावर छत आलं तिथं त्याचा पाय अडायचा. मग नातीची टोपी हातात घेऊन तो म्हणायचा, "तुमी या जाऊन. मी हितंच सावलीला थांबतो." सावली मात्र झाडाचीच निवडायचा, भिंतीची नाही.

ही खोड जुनी. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी त्याच्या गावाला, किल्लारीच्या बाजूला, बारीक बारीक धक्के बसायचे. तेव्हा घरोघर एक युक्ती निघाली. उशाशी तांब्या पालथा घालायचा अन् त्याच्या बुडावर वाटी ठेवायची. जमीन हलली की वाटी पडणार, आवाज होणार, अन् माणसं बाहेर पळणार. काही महिने सगळा गाव तसा निजला. मग धक्के थांबले, लोक कंटाळले, तांब्यात पुन्हा पाणी आलं. आणि गणपती बुडवून गाव निजला त्या रात्री भूकंप आला. दगडोबाच्या घराच्या भिंती दगडमातीच्या, वर मातीचं जड माळवद. सात वर्षांचा भागवत हाताला लागला, त्याला त्यानं ओढून काढला. शेजारी निजलेली धाकटी सिंधु लागली नाही.

पुढं तो लातुरात आला. बायको तारामतीनं क्लासच्या पोरांसाठी खानावळ घातली अन् दगडोबा सायकलवर डबे पोचवू लागला. भोवती क्लासेसचं अमाप पीक आलं. काल ज्वारी होती तिथं आज चार मजली होस्टेल उभं. पोरं डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली, त्यात भागवतही झाला अन् परदेशी गेला. दगडोबा मात्र पत्र्याखालून हलला नाही, अन् पालथ्या तांब्यावर वाटी ठेवल्याशिवाय डोळा मिटला नाही.

यंदा भागवतनं, बायको अन् लेक मनूसोबत, सुट्टीला स्पेनात बोलावलं, तेव्हा निघताना तारामतीनं बजावलं होतं. तिचे गुडघे धरलेले, म्हणून ती आली नव्हती.

"मनूला दिवाळीला धाडा म्हणावं. महिनाभर ऱ्हाऊ द्या म्हणावं पोरीला आपल्यापाशी. आन् तिथं तांब्या मांडून बसू नका. सूनबाई काय म्हनंल?"

"मी काय येडा हाय का?" दगडोबा म्हणाला, अन् वाटीसकट तांब्या धोतरात गुंडाळून पिशवीच्या तळाला घातला.

सून तनुजा नायगावच्या मास्तरांची लेक. वागायला गोड, पण नजर बारीक. हॉटेलच्या नवव्या मजल्यावर, दगडोबा नाइलाजानं निजायचा त्या खोलीत, पहिल्याच दिवशी तिला पलंगाखाली तांब्या दिसला. ती दगडोबाला काही बोलली नाही. गॅलरीत नवऱ्याशी बोलली, अन् दार उघडं होतं.

"दिवाळीला पाठवायला माझी ना नाही रे. पण आबा दिवसभर भिंतींकडे बघत असतात. महिनाभर ते बघून पोर काय शिकेल?"

"अगं, त्यांचं ठरलेलंच आहे ते. कुणाला त्रास आहे का त्यांचा?"

"मोठ्या माणसाची भीती लेकरं लवकर उचलतात. तू नाही का अजून झोपेत दचकत?"

आत दगडोबा पिशवीची गाठ सोडत, बांधत बसला.

दुसऱ्या दिवशी मत्स्यालय होतं. काचेचा बोगदा, वर पाणी अन् पाण्यात परातीएवढाले मासे. दगडोबा दाराशी थांबला. मनूनं बोट ओढलं. "आजोबा, मासा आपल्या डोक्यावरून जातो. चला ना."

तो आत गेला. कपाळावर घाम डवरला, सदरा पाठीला चिकटला, पण गेला. मधोमध उभं राहून वरसुद्धा बघितलं. "ह्यो मासा लई आळशी हाय," तो मनूला म्हणाला. "आपल्या भुजंग वाण्यावानी. गिऱ्हाईक आलं तरी हलत न्हाई." मनू खिदळली. बाहेर आल्यावर तनुजानं स्वतःहून लिंबाचं सरबत आणून दिलं. "आबा, उद्या जेवणानंतर आम्ही पाळण्यानं डोंगरावर जाऊन येतो. मनूला उंचावर मळमळतं. राहील ना तुमच्यापाशी?"

"ऱ्हाईल की." दगडोबाला वाटलं, दिवाळी जमली. तारामतीला फोन करून त्यानं करंज्यांचंसुद्धा सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ती दोघं पाळण्याला गेल्यावर, मनू पेंगुळली. तिच्याशेजारी आडवं व्हायचं म्हणून दगडोबानं सवयीनं तांब्या मांडला, वर वाटी ठेवली.

"हे काय, आजोबा?"

"राखणदार हाय आपला. नीज तू."

आता त्या गावाची एक रीत दगडोबाला कुणी सांगितली नव्हती. सणाला तिथले लोक भर दुपारी चौकात फटाक्यांच्या माळा लावतात. रोषणाई नाही, नुसता आवाज, अन् तो असा की पायाखालची फरशी थरथरावी. त्या दिवशी सण होता अन् चौक हॉटेलच्या खालीच. खिडकीच्या काचा वाजल्या, पलंग हलला आणि वाटी खणकन फरशीवर पडली.

दगडोबानं पोर उचलली. लिफ्टकडे बघितलंसुद्धा नाही. जिन्यानं अनवाणी उतरत तो दारं बडवत गेला. "भाईर निघा. माळवद येईल अंगावर, भाईर निघा." दारातून एक गोरी बाई डोकावली, केसांना टॉवेल गुंडाळलेली. ती हसली. मनूसुद्धा आधी हसत होती. रस्ता ओलांडून वाळूत, पार लाटांपाशी जाऊन तो थांबला तेव्हा ती रडत होती, कारण आजोबांची मिठी सुटत नव्हती.

आवाज संपला. चौकात टाळ्या वाजल्या. वाळूत ऊन खात पडलेली माणसं तशीच पडून होती. एवढ्या उंच इमारती, एकही पडली नव्हती.

भागवत अन् तनुजा परतले तर खोलीचं दार सताड उघडं, जमिनीवर तांब्या, वाटी कोपऱ्यात, माणूस नाही. तनुजा हाका मारत किनाऱ्यावर धावली. दगडोबा गुडघाभर पाण्यात मनूला कडेवर घेऊन उभा दिसला. ती जवळ आली तरी तो पोर देईना.

"आबा, द्या इकडे."

"जमीन थांबली का बगा आदी."

"आबा," भागवत हळू म्हणाला, "फटाके होते ते. ही मनू हाय. सिंधु न्हाई." घरची बोली त्याच्या तोंडून कैक वर्षांनी आली असावी. मग दगडोबानं हात सैल केले.

संध्याकाळी खोलीत तनुजा बॅग आवरत होती, पाठ वळवून. मनू पलंगाशेजारी मांडी घालून काहीतरी करत होती. दात घासायचा प्लास्टिकचा पेला तिनं पालथा घातला होता, अन् त्यावर किनाऱ्यावरचा शिंपला अलगद ठेवत होती. जीभ दातात धरून, श्वास रोखून. तनुजानं वळून पाहिलं, दगडोबाकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

दगडोबा उठला. शिंपला उचलून त्यानं मनूच्या हातात दिला. मग स्वतःचा तांब्या घेतला, सुलटा केला, मोरीत धुतला अन् पाण्यानं गच्च भरला. त्यातलं पाणी पेल्यात ओतून तिच्यापुढं धरलं.

"पी बाळा. तांब्या पान्यासाठी असतो."

मनू प्यायली. तो सुनेकडं न बघता म्हणाला, "तनुजा, यंदा दिवाळीला नको धाडू पोरीला. आदी मी लातुरात आसा भरला तांब्या ठिवून निजून बगतो. जमलं तर मीच फोन करंन."

"आईंना काय सांगू?" तनुजानं विचारलं.

"करंज्या थोड्याच कर म्हनावं."

भरला तांब्या त्यानं उशाशी ठेवला अन् तो आडवा झाला. डोळे उघडेच होते. पलंगावरून एक हात खाली सोडून तळवा त्यानं फरशीवर टेकवून ठेवला.