पट्ट्याला लागलेली हळद

लग्नघरी हळद-तेलाचा वास आला की मला कटंगीजवळच्या आमच्या गावातली धानगिरणी आठवते. गिरणी बायांच्या सोसायटीची, इंजिन जवळच्या खाणीने दिलेलं आणि धान भरडायचं यंत्र ब्लॉक ऑफिसच्या साहेबांनी. उद्घाटनाचा कार्यक्रम संपायच्या आत गिरणी बंद पडली, तर यंत्र दुसऱ्या गावाला देईन, असं साहेबांनी आधीच बजावलं होतं. आणि सकाळच्या पूजेत आमच्या बायांनी इंजिनच्या पट्ट्यालाच नवरीसारखी तेल-हळद लावली! पट्टा घसरायला लागला, तसा मी तो बांबूने दाबून धरला. बाहेर साहेब आणि खाणीचे मॅनेजर एकमेकांचे आभार मानत होते. आत माझ्या नाकातोंडात कोंडा जात होता, पण बांबू सोडायची सोय नव्हती. तेवढ्यात सोसायटीची सेक्रेटरी म्हणून हार घालून घ्यायला मलाच पुकारलं. अध्यक्षीणबाई दारात आल्या. "चाल ना वो, काहून लाजून राह्यली?" मी ओरडले, "लाजू कायले? पट्टा घसरून राह्यला!" त्यांनी पट्टा पाहिला, जीभ चावली. "माय वो, तेल तं मीच लावलं." मग दार लोटून बाहेर सांगितलं, "आमच्या सेक्रेटरीले हार नाही, काम आवडते." साहेब इतके खूश झाले की माझ्या कौतुकावर त्यांनी पुन्हा नवं भाषण सुरू केलं. यंत्र गावातच राहिलं. माझं कौतुक लांबलं की आजही माझा उजवा खांदा दुखतो.