ईस्टरच्या पंगतीतला शाकाहारी विभाग

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत मी मटण सोडलं तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत त्या दिवसांत सगळेच काही ना काही सोडतात. कुणी चहा, कुणी तंबाखू. आणि ईस्टरला सगळे सोडलेलं पुन्हा धरतात. माझा घोळ तिथंच झाला. ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारी मी घरात जाहीर केलं की मी आता धरणार नाही.

कारण काय, तर पवित्र शास्त्र वाचलं. तसं लहानपणापासून वाचतोय, पण या खेपेला नीट वाचलं. सुरुवातीलाच देव पहिल्या जोडप्याला खायला काय देतो? बी आणि फळ. मटणाची परवानगी जलप्रलयानंतरची, म्हणजे माणूस पार बिघडल्यावरची! मला वाटलं, आयला, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही. माझं घर शिरूर कासारला आणि झेरॉक्सचं दुकान बीडच्या कोर्टासमोर. दिवसभर वकिलांत बसून एखादा मुद्दा सापडला की सोडायचा नाही, ही खोड मला लागली आहे.

बायको म्हणाली, "मंग मी चर्चमधल्या बायांना काय सांगू? नवरा माळकरी झाला म्हनून?"

आई भाकरी थापत राहिली. आमची आई गप बसते तेव्हा तिच्या पोटात काहीतरी शिजत असतं. संध्याकाळी मी हातपाय धूत होतो तर मागं येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाबा, तू आपल्यातून जायला लागलास का?"

"अगं आई, मटण सोडलंय, प्रभूला न्हाई सोडलं."

"तसंच आसतंय," ती म्हणाली. "आदी ताट येगळं हुतंय, मग मानूस."

तिच्या बापानं ही मंडळी धरली होती आणि ती नातवाच्या हातून सुटते की काय, या भीतीनं तिला झोप लागेना. मी हसण्यावारी नेलं. चाळीशी ओलांडलेल्या माणसाला आईची भीती खरी वाटत नाही, हा आमच्यासारख्यांचा आगाऊपणा.

गावाला मात्र माझ्या पोटाची लईच काळजी लागली. रविवारी उपासना झाली की मी पिशवी घेऊन ज्यांच्या दुकानात जायचो, ते मटणवाले चाचा स्वतः घरी आले. आधी तब्येत विचारली, मग शुगर विचारली, मग खालच्या आवाजात म्हणाले, "भाऊ, आमच्याकून काय गलती झाली का? मागल्या टायमाला हड्डी जास्त आली का?" मी त्यांना पहिल्या जोडप्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "ते ठीक हाय. पन कावून सोडलं?"

शेजारचे अण्णा, गळ्यात माळ, दारात ट्रॅक्टर. ते तर तांब्याभर ताक घेऊनच आले. मला मिठी मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! "आता कसं, आमचं झालं तुमी," म्हणाले. म्हटलं, अण्णा, मी चर्चला जातोच की. "जावा की," ते म्हणाले, "रोज जावा. मटन न्हाई खात म्हनल्यावर कुटं बी जावा." म्हणजे आमच्या गावात धर्म छातीत नसतो, पातेल्यात असतो.

चर्चचे पाळकसाहेब आले ते तयारीनंच. प्रभूनं पुनरुत्थानानंतर भाजलेला मासा खाल्ला होता, याची त्यांनी मला आठवण करून दिली. मी म्हणालो, "साहेब, प्रभूच्या गावाला समुद्र होता. आपल्याकडं टँकर येतो." पाळकसाहेब चहा न घेता गेले.

ईस्टरला उपासनेनंतर चर्चच्या आवारात प्रीतिभोजन असतं. एक बोकड, एक कढई, आणि सगळी मंडळी एका पंगतीत. मी ठरवलं होतं की कांदा-भाकर खायची आणि कुणाला त्रास द्यायचा नाही. पण मंडळीच्या सेक्रेटरीसाहेबांनी मला सोडलं तर ना! त्यांना म्हणे माझ्या भावनांचा आदर करायचा होता. आवाराच्या पार टोकाला, लिंबाखाली, फक्कीची पांढरी रेघ मारलेली. रेघेपलीकडं एक सतरंजी. वर फ्लेक्स! हात जोडलेला माझा फोटो आणि खाली ठळक अक्षरात 'शाकाहारी विभाग, हार्दिक स्वागत'. विभागात मी एकटा.

माझ्यासाठी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात तुरीच्या डाळीची आमटी केली होती. सेक्रेटरीसाहेब जातीनं वाढायला आले. रश्श्याचा हात माझ्या भांड्याला लागू नये म्हणून बिचाऱ्यांनी भाकरी वरून टाकली, आमटी वरून सोडली. मला हसू आवरेना. मग पाणी. जग चांगला हातभर उंच धरला आणि ग्लासात धार सोडली.

तेवढ्यात पंगतीतून आई ओरडली, "आरं ए! खाली ठिव तो जग!"

तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सगळी पंगत थांबली. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, एका हातात ताट, एका हातात ग्लास, आणि थेट रेघ तुडवत आली. सेक्रेटरीसाहेब चाचरत म्हणाले, "मावशी, त्यांला इटाळ नको म्हनून..."

"माझ्या बापानं जल्मभर आसंच पानी पिलं," आई म्हणाली. "दुसऱ्याच्या दारात, खाली बसून, वंजळीत. वरून धार सोडायचे. हितं त्याला पयल्यांदा हातात पेला दिला, म्हनून तो हितं आला. आन् तुमी त्याच्याच नातवाला हितं वरून पानी घालता व्हय रं?"

सेक्रेटरीसाहेबांनी जग खाली ठेवला. माझं हसू कुठल्या कुठं गेलं. त्या सतरंजीवर मी मजेत मांडी घालून बसलो होतो, याची मला भयंकर लाज वाटली.

आई माझ्यासमोर बसली. "मटन नगं खाऊ," म्हणाली. "तुजं शास्तर तुज्यापाशी. पन येगळा बसू नगंस, बाबा."

मटण मी आजही खात नाही. पण तेव्हा तिनं आपल्या ग्लासातलं अर्धं पाणी पिलं आणि तोच ग्लास माझ्यापुढं धरला. तिची बोटं माखलेली होती, काठावर रश्श्याचा लाल तवंग होता, आणि सगळी मंडळी टक लावून बघत होती.

मी ग्लास घेतला आणि तोंडाला लावून पिलो.