उघडा कोपरा
आज पत्र्याची पेटी उपसताना हातभर गोधडीतून भाकरीचा वाळका तुकडा घरंगळला आणि आहुप्याहून घोडेगावच्या दवाखान्याकडे उतरणारी ती जीप डोळ्यांपुढे उभी राहिली. बहिणीचं बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलं होतं आणि अंगात ऊबच धरत नव्हतं. घरी आईनं जुन्या लुगड्यांचे थर मशीनखाली घातले तर सुईच मोडली, म्हणून ती जीपमध्ये बसून हातानंच जागोजागी दोरा ओढून गाठी मारत होती. प्रत्येक वळणाला सुई बोटात घुसायची, लुगड्याला रक्त लागायचं, पण हात थांबत नव्हता. "आई, लवकर गं, लई गार पडलंय ह्ये," बहीण बाळाला छातीशी आवळून सारखी म्हणत होती. शेवटचा कोपरा उरला आणि आई रडकुंडीला आली. त्या कोपऱ्यात भाकरीचा घास ठेवूनच आमच्याकडे गोधडी बंद करतात. उपाशी गोधडी बाळाला ऊब देणार नाही, अशी तिची खात्री. "भाऊ, भाकरी हाय का वो?" तिनं ड्रायव्हरला विचारलं. त्यानं गाडी न थांबवता डबा मागं सरकवला. लसणाच्या चटणीचा वास जीपभर पसरला. आईनं घाईघाईनं तुकडा कोपऱ्यात कोंबला, सुई टोचली, तोच बहिणीच्या बोटाभोवतीची बाळाची इवली मूठ सुटली. "ऱ्हाऊ दे आई," ती म्हणाली, "आता नगं." कुणी न सांगता ड्रायव्हरनं गाडी हळू केली. ती गाठ आईनं पुढं कधीच मारली नाही. आज मी तुकडा परत कोपऱ्यात ठेवला, सुईत दोरा ओवला, आणि तशीच बसून राहिले.