बंद फ्लॅश अन् मी

मी सांगून राहिली, माह्यी नात राधा मोबाइलवर लिहून राहिली.

आज तिच्यासंगं अमरावतीहून अकोल्याले गेली होती. तिले एका लग्नाचे फोटो काढाचे होते. राधानं नवा कॅमेरा काढला. एवढुसा!

नवरीचा बाप म्हणे, "मॅडम, हे तं खेळणं दिसते. मोठा कॅमेरा नसंल तं दुसरा फोटोग्राफर पाह्यतो."

राधानं पिशवीतून जुना, बंद पडलेला मोठा फ्लॅश काढला अन् कॅमेऱ्यावर बसवला.

बाप म्हणे, "हां! आता कसा कॅमेरा वाटते!"

दिवसभर फोटो काढले. येताना मी इचारलं, "बंद फ्लॅश काहून वागवतं वो?"

"आजी, लोक वजन पाह्यते. एकट्या पोरीवर भरवसा नाही ठेवत. तुले बी त्याच्याचसाठी संगं आणलं."

आता तुमीच सांगा, माह्यात अन् त्या फ्लॅशात फरक काय? त्याले निदान पिशवीत झोपाले भेटते.