अर्धा चमचा बाळगुटी

शिरोळच्या आजींनी पाकीट काउंटरवर ओतलं आणि विचारलं, "पोरी, ह्यातलं जायफळ कुठलं?"

"सगळं एकत्र दळलंय, आजी."

"मग नातवाला मुरडा आला तर मुरुडशेंग जादा कशी देऊ? चाळून काढू व्हय?"

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दुपारनंतर आप्पांच्या काष्ठौषधीच्या दुकानात नोकरी करायचे. काष्ठौषधी म्हणजे मुळ्या, साली, बिया. त्यात बाळगुटी जास्त खपायची. हळकुंड, वेखंड, जायफळ, बदाम अशा बारा वस्तू आम्ही सुट्या द्यायचो. बायका घरी त्या सहाणेवर दुधात उगाळत. एकदा गोल फिरवलं की एक वेढा.

शहरातल्या बायकांना वेळ नसतो, तयार पावडर करू, असं मीच आप्पांना सुचवलं होतं. बाराही वस्तू सारख्या वजनाने घेतल्या. सारखं प्रमाण म्हणजे शास्त्रीय, असं मला वाटलं. पाकिटावर छापून घेतलं : रोज अर्धा चमचा.

"अर्धा चमचा कुणी ठरवलं?" आजींनी विचारलं.

"मी."

"पोरं किती तुला?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. आजींनी सहाण मागितली, दोन थेंब पाणी टाकलं आणि जायफळाचा एकच वेढा दिला. दगडावर जेमतेम डाग उमटला.

"बास. एवढंच. जादा झालं तर प्वार नुसतं झोपतंय, दूध वढत न्हाय."

मी अर्ध्या चमच्यातल्या जायफळाचा हिशेब मनात केला : असे कितीतरी वेढे. लगेच फळीवर उरलेली पाकिटं मोजली. सहा पाकिटं विकली गेली होती. एक आजींनी परत आणलं. पाच राहिली.

आप्पा ओरडले नाहीत. प्रत्येक गिऱ्हाइकाचं घर त्यांना माहीत होतं. पाच पत्ते तोंडी सांगून म्हणाले, "तूच जा. आत्ता."

गावातली चार संध्याकाळपर्यंत मिळाली. चारही फोडलेली नव्हती. मला जरा बरं वाटलं, पण पाचव्याची खात्री नव्हती. ते जोतिबाच्या डोंगरावर, नारळाचं दुकान असलेल्या एका वहिनींकडे होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेले. दुकानामागे झोळीत बाळ गाढ झोपलेलं.

"वहिनी, कधीपासून झोपलाय?"

"आत्ताच पाजलं की. का गं?"

"ती पावडर दिली का?"

"ती व्हय? फळीवर हाय बघ. काय काय हाय त्यात वळखूच येईना. न वळखता लेकराच्या तोंडात कसं घालू?"

पाकीट घेऊन परत आले. उरलेली पावडर आप्पांनी माझ्याच हाताने टाकायला लावली. नोकरी राहिली. तेव्हापासून मी बारा वस्तू पुन्हा सुट्याच बांधते, आणि नवीन आई आली तर सहाण पुढे ठेवून वेढा दाखवते.

पाकिटावरची माझी छापील सूचना एकाही घरात कुणी पाळली नव्हती. छपाई मात्र सुबक झाली होती.